वजन कमी करायचंय: किती, किती दिवसांत आणि टिकवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अठरा वर्षांवरच्या, एरवी धडधाकट असलेल्या माणसांसाठी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी शेवटून तिसरा प्रश्न वाचा.

किती किलो कमी करायचं ठरवावं?

आजच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, आणि त्याला सहा महिने. वजन ७८ किलो असेल तर ४ ते साडेपाच किलो. आकडा छोटा वाटतो, पण एवढ्यानंही रक्तदाब, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) उतरायला लागतात, गुडघ्यांवरचा भार हलका होतो, पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनानं पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या कित्येक मुलींची पाळी नियमित व्हायला लागते.

अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना त्यात दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: ७ टक्के वजन उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरलं. चेन्नईत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात तर वजन फारसं हललं नसतानाही, फक्त आहार आणि चालणं सुधारल्यामुळे हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. काट्यावर काही दिसत नसलं तरी आत काम चालू असतं, ते असं.

पण उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे माझं वजन ५७ किलो हवं. तेच लक्ष्य का ठेवू नये?

तक्ता खोटा नाही. आपल्याकडे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, कारण भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. पण ७८ वरून ५७ म्हणजे सत्तावीस टक्के घट. केवळ आहार-व्यायामावर एवढं उतरवून टिकवणारी माणसं फार थोडी.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९७ साली ६० लठ्ठ स्त्रियांना उपचारांआधीच त्यांचं लक्ष्य विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं ३२ टक्के घट. १७ किलो उतरले तर ती निराशाच, असं त्यांचं म्हणणं होतं. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले. कोणत्याही डॉक्टरच्या दृष्टीनं हे घवघवीत यश, आणि तरी जवळजवळ निम्म्या जणी स्वतः ठरवलेल्या 'निराशाजनक' आकड्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. आम्हाला या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच वाटते: लक्ष्य चुकलं की चांगली प्रगतीसुद्धा अपयश वाटते आणि माणूस सोडून देतो.

म्हणून टप्पे करा. पहिले ५ ते ७ टक्के उतरले की दोन-तीन महिने तेच वजन धरून ठेवा. मग पुढचा टप्पा.

काट्यासोबत कंबरही मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी. टेप नेमकी बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर लावली की दर वेळी वेगळा आकडा येतो.

महिन्याला किती उतरायला हवं?

एक ते दोन किलो पुष्कळ झालं. आठवड्याला एक किलोपेक्षा वेगानं उतरवायला गेलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वेग बरेच दिवस राहिला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले, मग गाडी अडली. काय चुकलं?

काही नाही. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्याबरोबरचं पाणी जातं. त्या दोन किलोंत चरबी थोडीच होती. 'दहा दिवसांत पाच किलो' अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात. खरा वेग तिसऱ्या आठवड्यापासून कळतो.

साडेपाच किलोसाठी रोज किती कमी खावं लागेल?

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. साडेपाच किलोंचे ४२ हजार. सहा महिन्यांत वाटले तर रोजचे सुमारे २३५. शरीर हलकं होत जातं तशी त्याची गरजही घटते, म्हणून ३०० धरा. यासाठी पोळी-भात बंद करावा लागत नाही. स्वयंपाकघरातच हिशेब मांडून बघू.

आधी तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३३ मिली. एका लिटरमध्ये जवळपास ८,२०० कॅलरी असतात. चारचे तीन लिटर केले की प्रत्येकाच्या ताटातून रोज ६८ कॅलरी आपोआप जातात. करायचं कसं? पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. फोडणीला तेल थेट किटलीतून ओतायचं नाही, चहाच्या चमच्यानं मोजून घालायचं. एका चमच्यात ५ मिली, ४१ कॅलरी. चार माणसांच्या भाजीला तीन चमचे पुरतात. अंदाजानं ओतलेली पळी सहज सहा चमच्यांची निघते. मोहरी तडतडली, कांदा टाकला आणि खाली लागायला लागला की हात पुन्हा किटलीकडे जातो. तिथे दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा, कांदा त्यातही मऊ होतो.

मग चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. अर्ध्या चमच्यावर आलात तर १२० वाचले. एकदम उतरू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. तीन आठवड्यांत जीभ सरावते.

तिसरं म्हणजे चहाबरोबरचं. मूठभर फरसाण, ३० ग्रॅम, १६० कॅलरी. त्याऐवजी २५ ग्रॅम फुटाणे घेतले तर ९० च्या आसपास. सगळं मिळून अडीचशे झाले, आणि जेवणाला अजून हातही लावलेला नाही. उरलेले पन्नास रात्रीच्या ताटातली अर्धी पोळी देते.

पोळी सोडून भाकरी खाल्ली की वजन उतरतं ना?

पिठापिठात फार फरक नाही. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी २१० कॅलरीची, २५ ग्रॅम कणकेचा फुलका ९० चा. दोन भाकऱ्या म्हणजे जवळपास पाच फुलके. भाकरीला तेल लागत नाही, तंतू जास्त असतात, चावायला वेळ लागतो, हे तिचे खरे फायदे. आवडत असेल तर जरूर खा, पण मोजून.

वजन कधी आणि कसं करावं?

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, फरशीवर. काटा सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला की चुकतो. रोज करा, पण रोजच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, सातही दिवसांची सरासरी काढा. का, ते या दोन आठवड्यांत दिसेल:

पहिला आठवडा, सोमवारपासून: ७८.२, ७८.९, ७८.४, ७७.८, ७८.३, ७८.०, ७८.५. सरासरी ७८.३.
दुसरा आठवडा: ७८.४, ७७.९, ७७.६, ७८.३, ७८.१, ७७.७, ७८.०. सरासरी ७८.०.

सोमवार ते सोमवार बघणाऱ्याला वाटेल, २०० ग्रॅम वाढले. प्रत्यक्षात ३०० ग्रॅम उतरलेत. पापड-लोणचं, रात्री उशिराचं जेवण, बद्धकोष्ठ, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम, यांतल्या कशानंही दुसऱ्या दिवशी काटा अर्धा ते एक किलो वर जातो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात एक-दोन किलो पाणी साठणं नेहमीचंच; त्यामुळे बायकांनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी करावी.

रोजच्या आकड्यानं मन खट्टू होत असेल तर आठवड्यातून एकदाच करा. काटा बघून दिवसभर उपाशी राहावंसं वाटत असेल किंवा खाल्लेलं उलटून काढावंसं वाटत असेल, तर काटा माळ्यावर टाका आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

उपवास केले तर लवकर उतरेल का?

आपला उपवास कसला, त्यावर आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत. एका ताटलीचा हिशेब बघा: साबुदाणा ६० ग्रॅम, २१० कॅलरी, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, १७०, तूप एक मोठा चमचा, १२५, बटाटा, ४०. झाले ५४५. एरवीची कांदेपोह्यांची ताटली ३३० च्या आसपास असते. वर उपवासाचा चिवडा आणि रात्री उपवास सोडताना गोडाचं जेवण.

उपवास श्रद्धेनं करत असाल तर करा, पदार्थ बदला: उकडलेलं रताळं, ताक, फळ, दुधातल्या राजगिऱ्याच्या लाह्या, काकडीची कोशिंबीर. वरी खायची तर वाटीभर, आणि आमटीत कूट दोन चमचेच.

रोज चालतो, तरी काटा हलत नाही. असं का?

सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर जेमतेम १२० कॅलरी खर्च होतात. परतताना खाल्लेला एक वडापाव ३०० चा. शिवाय चालून आलेला माणूस उरलेला दिवस नकळत जास्त बसतो आणि दोन घास जास्त जेवतो. वजन उतरवण्याचं मुख्य काम ताटात होतं. चालणं साखर, रक्तदाब, झोप आणि मन यांच्यासाठी आहे, आणि उतरलेलं वजन टिकवण्यासाठी तर ते फारच मोलाचं. म्हणून सोडू नका. आठवड्याला १५० मिनिटं, अशा वेगानं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

त्याला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा, नाहीतर वजनाबरोबर स्नायू जातात. जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीवरचे जोर दहा, दोन हातांत लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्यावर उचलणं दहा. अशा तीन फेऱ्या, वीस मिनिटांत होतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा.

लवकर भूक लागते. काय करू?

बहुतेक वेळा ताटात प्रथिनं कमी पडलेली असतात. दिवसाला निदान ६० ते ७० ग्रॅम हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. शाकाहारी घरात ती अशी जमतात: दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ १४ ग्रॅम (एका वाटीला ३० ग्रॅम कोरडी डाळ धरून, पातळ आमटीत याच्या निम्मीही नसतात), रोजच्या पोळ्या-भाकऱ्यांतून १५, वाटीभर दही ७, पेलाभर दूध ६, कोरडे ३० ग्रॅम सोयाबीनचे तुकडे १५, मूठभर फुटाणे ५. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून १२. नाश्त्याला नुसते पोहे-उपमा असतील तर अकरालाच भूक लागणार. त्यात मोड आलेली मटकी घाला किंवा बाजूला दही घ्या.

झोपही बघा. पाच तास झोपलेल्या माणसाला गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं, मग तो दिवसभर स्वतःला दोष देत बसतो.

तीन महिन्यांनी वजन एकाच जागी अडलं. आता आणखी कमी खाऊ?

लगेच नको. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तरच ते अडलं म्हणायचं. मग एक आठवडा तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा, मुलाच्या ताटात उरलेला घाससुद्धा. बहुतेकांचं उत्तर त्या वहीतच सापडतं: तेलाचा चमचा पुन्हा पळी झालेला असतो, फुटाण्यांची मूठ मोठी झालेली असते.

वही चोख असेल, तर शरीराची गरज घटली आहे. प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण २४ कॅलरी कमी लागायला लागतात. सहा किलो उतरले की १४०. हाच हिशेब उलटा वाचला तर धीर येतो: रोजच्या १०० कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी चारेक किलो उतरतात, पण त्यातले निम्मेच पहिल्या वर्षात, बाकीचे पुढच्या दोन वर्षांत. अमेरिकेतल्या केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेलं हे गणित आहे. वेग मंदावणं त्यात आधीच धरलेलं आहे. आणखी पुढे जायचं असेल तर दीडशे कॅलरींचा एखादा बदल शोधा. नसेल जायचं तर इथेच थांबून हे वजन टिकवा, तेही कमी काम नाही.

सुरुवातीचा उत्साह दोन आठवड्यांत मावळतो. टिकवायचा कसा?

उत्साह येतो-जातो. त्याच्या भरवशावर बेत आखू नका. किलो तुमच्या हातात नाहीत, कृती आहेत. म्हणून लक्ष्य कृतीचं ठेवा. 'या महिन्यात दोन किलो' असं लिहिण्यापेक्षा 'रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं चालणार, आठवड्यातले पाच दिवस' असं लिहा. एका वेळी दोनच कृती. पहिल्याच सोमवारी साखर, मैदा, तळण आणि रात्रीचा भात सगळं बंद करणारा गुरुवारपर्यंत पोचत नाही.

जर-तर आधी ठरवून लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासातून ही पद्धत पुढे आली. 'जर ऑफिसात वाढदिवसाचा केक आला, तर एक छोटा तुकडा घेईन आणि चार वाजताचा चहा बिनसाखरेचा पिईन.' 'जर पाऊस लागला, तर घरातच जिना दहा वेळा चढेन.' मोह समोर आल्यावर विचार करायला वेळ नसतो, तेव्हा तयार उत्तर कामाला येतं.

वाईट दिवसासाठी किमान कोटा ठेवा: दहा मिनिटं चालणं, एवढंच. एक दिवस हुकला तर काही बिघडत नाही, लागोपाठ दोन हुकू देऊ नका. आणि 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे विसरा. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४.

काट्याव्यतिरिक्त चार खुणा नोंदवा: कंबर, दोन मजले चढल्यावरची धाप, घट्ट झालेली अंगठी किंवा ब्लाउज, आणि मधुमेह असेल तर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी). काटा अडलेला असताना यांतली एखादी हललेली असते.

घरात माझ्यासाठी वेगळं शिजत नाही आणि पाहुण्यांचा आग्रह मोडवत नाही.

वेगळं शिजवूच नये. आमटी, उसळ, भाजी, कोशिंबीर तीच. बदल वाढण्याच्या क्रमात करा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, शेवटी पोळी-भात. ताट जरा लहान घ्या.

आग्रहाला 'डाएट चालू आहे' हे उत्तर दिलंत की चर्चा सुरू होते. 'मावशी, पोट अगदी भरलंय, दोन लाडू डब्यात द्या, उद्या खाईन' म्हटलं की वाढणाऱ्याचाही मान राहतो. सासूबाई स्वयंपाक करत असतील तर तेलाचा हिशेब त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीशी जोडून सांगा. सुनेच्या वजनासाठी न बदलणारी फोडणी सगळ्या घराच्या तब्येतीसाठी बदलते.

गणपती ते दिवाळी काय करायचं?

त्या काळात उतरवायचं लक्ष्यच ठेवू नका, आहे ते धरून ठेवा. उतरवण्याचे महिने आपल्याकडे जानेवारी ते मार्च आणि जून-जुलै. पावसात चालणं बंद पडतं, म्हणून घरातला व्यायाम मेमध्येच ठरवा. सणाच्या दिवशी मोदक किंवा पुरणपोळी जेवणात खा, जेवणानंतर वर म्हणून नको. फराळाचे डबे ओट्यावर नकोत, कपाटात. आंब्याला उगाच बदनाम करतात. एका मध्यम हापूसमध्ये शंभरच्या आसपास कॅलरी असतात; आमरसाच्या वाटीतली साखर आणि बरोबरच्या सहा पुऱ्या खऱ्या महाग पडतात.

थायरॉइड आहे, मग माझं वजन उतरणारच नाही का?

उतरतं. थायरॉइड मंदावल्यानं वाढणारं वजन बहुधा दोन ते चार किलोंचं आणि त्यातलं बरंचसं पाण्याचं असतं. गोळी रोज उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्या; चहाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) जागेवर आलं की बाकीचा हिशेब इतरांसारखाच.

वजन कमी करण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारायलाच हवं?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी. खाणं कमी आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते: दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुलं, हाडं-स्नायू झिजलेले वृद्ध यांनी स्वतःच्या मनानं खाणं कमी करू नये. आणि काहीही न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या.

इंजेक्शनांबद्दल फार ऐकतो. घ्यावीत का?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही औषधं भूक कमी करतात आणि बीएमआय बराच जास्त असलेल्यांना खरोखर उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, देखरेखीखाली घ्यायची. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास सुरुवातीला बऱ्याच जणांना होतात. बंद केली की वजन बहुतेकदा परत चढतं. लग्नाआधी पाच किलो उतरवायला ही औषधं नाहीत.

उतरलेलं वजन परत येऊ नये म्हणून?

अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री अशा लोकांची नोंद ठेवते, ज्यांनी वजन उतरवून टिकवलं. त्यांच्यातल्या बहुतेकांत सारख्या दिसणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: नाश्ता चुकवत नाहीत, आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, दिवसाला तासभर हालचाल करतात, टीव्हीसमोर कमी बसतात.

त्यांच्याप्रमाणे काटा चालू ठेवा आणि वरची एक रेघ आजच ठरवा: टिकवायचं वजन अधिक दोन किलो. ७२.५ वर थांबलात तर रेघ ७४.५. आठवड्याची सरासरी रेघेपलीकडे गेली की पुढच्या सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी तेलाचा चमचा, चहाची साखर आणि अन्नाची वही बाहेर काढा. दोन किलो परत उतरायला सहा ते आठ आठवडे लागतात; आठ किलोंना वर्ष जातं.